‘आय कॉल यू टुमॉरो’ चूक, मग ‘द बस लीव्ह्ज टुमॉरो’ बरोबर कसे?

सांजवर्ग

सर्वांना नमस्कार. मी साताऱ्यात संध्याकाळी मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी संभाषण शिकवते. वर्गात दुकानदार आहेत, परिचारिका आहेत, मुलांच्या शाळेतील पालकसभेत इंग्रजी बोलता यावे म्हणून येणाऱ्या गृहिणीही आहेत. शाळेत या सर्वांनी ‘भविष्यकाळ म्हणजे शॅल आणि विल’ एवढेच पाठ केलेले आहे. आता ध्वनिफिती ऐकताना त्यांना सतत काही वेगळेच ऐकू येते. ‘द बस लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो’ यात साधा वर्तमानकाळ आहे, ‘आय ॲम लीव्हिंग टुमॉरो’ यात चालू वर्तमानकाळ आहे, आणि दोन्ही वाक्ये उद्याचीच आहेत. मी त्यांना सांगितले की इंग्रजीत वर्तमानकाळाची रूपे भविष्यासाठीही चालतात, मराठीतही चालतातच, त्यामुळे बिचकण्याचे कारण नाही.

यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “मग मी गिऱ्हाइकाला ‘मी तुम्हाला उद्या फोन करतो’ असे सांगायचे असेल तेव्हा ‘आय कॉल यू टुमॉरो’ म्हटले तर ते चूक का?” ते चूक आहे हे मला कानाने कळते, पण बसचे वाक्य चालते आणि हे चालत नाही यामागचे कारण मला नीट मांडता आले नाही. दुसरी अडचण ‘व्हेन’ आणि ‘इफ’ यांची आहे. ‘व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम’ असे जवळजवळ प्रत्येक जण लिहितो, आणि नियम सांगूनही पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुन्हा वहीत दिसते. नियमांची यादी माझ्याकडे आहे. मला हवे आहे ते मराठी डोक्याला पटेल असे स्पष्टीकरण, आणि कोणी शिकवताना वापरलेली एखादी युक्ती असेल तर तीही.

रेघोटी

आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न फार नेमका आहे. त्याचे उत्तर इंग्रजीच्या नियमांत शोधण्याआधी मराठीच्या सवयीत शोधावे असे मला वाटते, कारण चूक तिथूनच येते.

मराठीत आपण ‘-तो, -ते’ हे रूप भविष्यासाठी दोन अगदी वेगळ्या कामांना वापरतो आणि त्यांतील फरक आपल्या लक्षातही येत नाही. पहिले काम वेळापत्रकाचे. ‘डेक्कन क्वीन सकाळी ७:१५ ला पुण्याहून सुटते, तेव्हा उद्या पहाटेच उठायला हवे’ या वाक्यात गाडीचे सुटणे उद्याचे असले तरी ते आधीच ठरलेल्या व्यवस्थेचा भाग आहे. आपल्या इच्छेने ती गाडी पाच मिनिटे अलीकडे येत नाही. दुसरे काम शब्द देण्याचे. ‘थांबा, मी दार उघडतो’, ‘बिल मी देतो’, ‘उद्या फोन करतो’, ‘तुम्ही बसा, चहा मी टाकते’ अशा वाक्यांत बोलणारा त्याच क्षणी एक जबाबदारी अंगावर घेत असतो. तोपर्यंत काहीही ठरलेले नसते आणि ते वाक्य उच्चारल्यामुळेच ठरते.

इंग्रजीचा साधा वर्तमानकाळ यांपैकी फक्त पहिले काम करतो. दुसरे काम इंग्रजीने ‘विल’कडे सोपवलेले आहे, आणि बोलताना ते ‘आयल’ असे इतके आखडते की नवशिक्याला ऐकूच येत नाही. ‘आयल गेट द डोअर’, ‘आयल पे’, ‘आयल कॉल यू टुमॉरो’. तुमचे विद्यार्थी ध्वनिफितीत ‘आय कॉल यू’ असेच ऐकत असतील तर मला नवल वाटणार नाही, कारण ‘ल’ ऐकू आला नाही की मराठी कान तिथे ‘मी फोन करतो’ हे आपले वाक्य बसवून मोकळा होतो. ‘आय पे द बिल’ असे हॉटेलात म्हटले तर समोरच्या इंग्रजाला ‘बिल नेहमी मीच भरत असतो’ अशी तक्रार ऐकू येईल. औदार्य दाखवायला जावे आणि टोमणा मारल्यासारखे व्हावे, असा तो प्रकार आहे.

म्हणून साध्या वर्तमानकाळासाठी मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: ही गोष्ट कुठे छापलेली, जाहीर झालेली किंवा गणिताने निघणारी आहे का? रेल्वेचे वेळापत्रक, परीक्षेची तारीख, सिनेमाचा खेळ, पंचांगातील दिवस हे सर्व यात बसते. ‘टुमॉरो इज संडे’ म्हणतात, ‘उद्या रविवार आहे’ असे आपणही म्हणतो. ‘द लॉस एंजेलिस ऑलिंपिक्स बिगिन ऑन १४ जुलै २०२८’ हेही चालते. निसर्गातील घटनांत मात्र गंमत आहे. २ ऑगस्ट २०२७ रोजी खग्रास सूर्यग्रहण आहे आणि ते इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात बिनदिक्कत सांगता येते, कारण ते गणिताने मिनिटासकट निघते. पण पुढच्या वर्षीचा मोसमी पाऊस केरळात अमुक तारखेला ‘अराइव्ह्ज’ असे म्हणता येत नाही. मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे १ जूनच्या सुमारास केरळात पोहोचतो हे नेहमीचे सत्य म्हणून साध्या वर्तमानकाळात येईल, मात्र एखाद्या विशिष्ट वर्षाचे आगमन हे अनुमान असल्यामुळे तिथे ‘विल’ किंवा ‘इज एक्स्पेक्टेड टू’ लागते. ग्रहण आणि पाऊस ही जोडी फळ्यावर शेजारी शेजारी लिहून पाहा, नियम वेगळा सांगावा लागत नाही.

आता ‘आय ॲम लीव्हिंग टुमॉरो’. इथला प्रश्न वेगळा आहे: हे कोणाशी तरी ठरले आहे का? ‘आय ॲम सीइंग द डेंटिस्ट ॲट फाइव्ह’ म्हणजे दवाखान्यात वेळ घेतली आहे. ‘वुइ आर मूव्हिंग टू नाशिक इन मे’ म्हणजे घर पाहून झाले आहे, शाळेत दाखल्यासाठी अर्ज गेला आहे. मराठीत याला बहुधा ‘-णार आहे’ येते, आणि अनौपचारिक बोलण्यात ‘उद्या जातोय’, ‘पुढच्या महिन्यात मुलगी येतेय’ असेही सर्रास येते. वर्तमानपत्रांतही ‘मंत्री उद्या शहरात येत आहेत’ असे छापून येते, तेव्हा ही रचना आपल्याला मुळीच परकी नाही. पावसाशी कोणी काही ठरवू शकत नाही, म्हणून ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ होत नाही. झाड उद्या पडण्याचे कबूल करत नाही, म्हणून ‘द ट्री इज फॉलिंग टुमॉरो’ही होत नाही.

शिकवताना एवढी काळजी घ्यावी की हे दोन कप्पे एकमेकांपासून अगदी तोडून ठेवू नयेत. ‘द बस इज लीव्हिंग ॲट सिक्स’ असेही लोक म्हणतात आणि त्यात काही चूक नाही. फरक बोलणाऱ्याच्या नजरेचा आहे. ‘लीव्ह्ज’ म्हणणारा फलकाकडे पाहून बोलतो, ‘इज लीव्हिंग’ म्हणणारा त्या बसने जाणाऱ्या माणसांचा विचार करत असतो.

प्रश्नार्थक वाक्यांत तर मराठी आपल्याला थेट मदत करते आणि याचा उपयोग फार कमी शिक्षक करतात. ‘उद्या येताय का?’ ही नुसती चौकशी आहे, ‘आर यू कमिंग टुमॉरो?’ हीही चौकशीच. ‘उद्या याल का?’ ही विनंती आहे, ‘विल यू कम टुमॉरो?’ ही बहुतेक वेळा विनंतीच. तुमच्या वर्गातील दुकानदारांना हा फरक एकदा ऐकवला की पुन्हा सांगावा लागणार नाही.

उंबरठा

रेघोटी यांनी पहिला भाग इतका सविस्तर मांडला आहे की मी थेट ‘व्हेन’ आणि ‘इफ’कडे वळते. मी दहावीच्या मुलांना शिकवते आणि ही चूक माझ्या रोजच्या ओळखीची आहे.

‘जेव्हा’, ‘जर’, ‘पर्यंत’, ‘आधी’, ‘की लगेच’ या अर्थांच्या गौण वाक्यांत इंग्रजी ‘विल’ घालत नाही, वर्तमानकाळ ठेवते, हा नियम सर्व पुस्तकांत आहे. प्रश्न तो डोक्यात का ठरत नाही हा आहे. मराठीत या जागी वर्तमानकाळ फारसा येतच नाही. एकतर भूतकाळाचे रूप येते किंवा ‘-ईल’चे. ‘पाऊस पडला तर सामना होणार नाही’, ‘तो आला की सांगते’ यांत घटना उद्याची आणि रूप कालचे. ‘तो येईल तेव्हा सांगेन’, ‘तो येईपर्यंत थांबा’ यांत सरळ ‘येई’ आणि ‘येईल’ दिसते. म्हणून एक मुलगा ‘इफ इट रेन्ड टुमॉरो’ लिहितो, दुसरा ‘टिल ही विल कम’ लिहितो, आणि दोघेही आपल्या मातृभाषेशी प्रामाणिकच असतात. त्यातही ‘इफ इट रेन्ड टुमॉरो’ ही रचना इंग्रजीत अस्तित्वात आहे, पण तिचा अर्थ ‘समजा उद्या पाऊस पडलाच, तर’ असा, शक्यता कमी धरणारा आहे. त्यामुळे शिक्षकाने नुसती लाल रेघ मारून भागत नाही.

मी वापरते ती युक्ती अशी. विद्यार्थ्याला आधी वाक्य मराठीत म्हणायला लावावे आणि त्यात ‘कधी’ किंवा ‘की नाही’ येते का ते पाहावे. ‘तो कधी येईल मला माहीत नाही’ यात ‘कधी’ आहे, म्हणून ‘आय डोण्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबर. ‘तो आला की मला सांग’ यात ‘कधी’ नाही, म्हणून ‘टेल मी व्हेन ही कम्स’. त्याचप्रमाणे ‘ती येईल की नाही कोणास ठाऊक’ याला ‘आय डोण्ट नो इफ शी विल कम’, आणि ‘ती आली तर जाऊ’ याला ‘वुइल गो इफ शी कम्स’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘व्हेन’ आणि ‘इफ’ हेच शब्द असल्यामुळे मुलांचा गोंधळ होतो. मराठीने मात्र या दोन अर्थांना वेगवेगळे शब्द आधीच देऊन ठेवले आहेत. व्याकरणाच्या भाषेत पहिले नामवाक्य आणि दुसरे क्रियाविशेषणवाक्य, पण मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांना ही नावे सांगण्याची गरज नाही.

‘झाल्यावर’ आणि ‘झाले की’ यांचीही आठवण ठेवावी. ‘जेवण झाले की फोन करतो’ याला ‘आयल कॉल व्हेन आय हॅव फिनिश्ड ईटिंग’ असा पूर्ण वर्तमानकाळ येतो. पुस्तके ही गोष्ट एका ओळीत उरकतात, पण मराठी माणूस दिवसातून कितीतरी वेळा ‘झाले की’ म्हणतो, त्यामुळे आपल्याला ती जास्त लागते.

अपवाद एकच सांगण्यासारखा आहे. ‘इफ यू विल वेट हिअर, आयल कॉल द मॅनेजर’ यात ‘इफ’नंतर ‘विल’ आले आहे, पण तिथे त्याचा अर्थ भविष्य नसून ‘आपण कृपया इथे थांबाल तर’ असा आहे. बँकेत किंवा रुग्णालयात काम करणाऱ्यांच्या कानावर हे वाक्य पडते, म्हणून तुमच्या परिचारिका विद्यार्थिनी ते विचारण्याची शक्यता आहे.

सांजवर्ग

रेघोटी आणि उंबरठा, दोघांचेही मनापासून आभार. ‘शब्द देणारा वर्तमानकाळ’ हा विचार मला कोणत्याही पुस्तकात सापडला नव्हता, आणि ‘कधी’ची कसोटी तर मी उद्याच्याच वर्गात वापरणार आहे. या निमित्ताने दोन पुरवणी प्रश्न विचारते. ‘आय ॲम बायिंग अ स्कूटर’ आणि ‘आय ॲम गोइंग टू बाय अ स्कूटर’ या दोन्हींना मराठीत ‘मी स्कूटर घेणार आहे’ असेच म्हणावे लागते, मग फरक कसा समजवावा? आणि वर्गातील एका निवृत्त गृहस्थांनी ऐकले आहे की इंग्रजीत भविष्यकाळ नाहीच. हे खरे आहे का, आणि खरे असेल तर ते वर्गात सांगावे का?

जुने पान

दुसऱ्या प्रश्नाला आधी हात घालतो, कारण तो माझ्या आवडीचा आहे.

क्रियापदाच्या रूपातच काळ दिसला पाहिजे अशी अट घातली, तर इंग्रजीत दोनच काळ उरतात, वर्तमान आणि भूत. ‘वॉक’, ‘वॉक्ड’. तिसरे रूप नाही. ‘विल’ हे ‘कॅन’, ‘मे’, ‘मस्ट’ यांच्या जातीचे सहायक क्रियापद आहे आणि ते अंदाज, तयारी, नकार, सवय अशी अनेक कामे करते. म्हणून हडलस्टन आणि पुलम यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजीच्या बृहद् व्याकरणात भविष्यकाळ मानलेला नाही. आपल्या मराठीत ‘करीन’, ‘करशील’, ‘करील’ अशी रूपे क्रियापदातच तयार होतात, म्हणून मराठी माणसाला हा दावा विचित्र वाटतो. निवृत्त गृहस्थांनी ऐकले आहे ते खरे आहे, मात्र त्याचा अर्थ इंग्रजीला भविष्याबद्दल बोलता येत नाही असा कोणी काढू नये. एका ठरावीक रूपाऐवजी ती पाच-सहा रचनांनी तेच काम भागवते, इतकाच त्याचा अर्थ आहे.

ही परिस्थिती जुनी आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एल्फ्रिक नावाच्या इंग्रज मठवासीयाने लॅटिनचे व्याकरण इंग्रजीतून लिहिले. लॅटिनमध्ये भविष्यकाळाची स्वतंत्र रूपे होती, तेव्हाच्या इंग्रजीत नव्हती. त्याने लॅटिन भविष्यकाळाचा अर्थ देताना इंग्रजीचा वर्तमानकाळच वापरला आणि सोबत ‘आज किंवा उद्या’ अशा अर्थाचे शब्द जोडले. त्या काळी ‘विल’चा अर्थ ‘इच्छिणे’ असा होता आणि ‘शॅल’चा ‘देणे लागणे’ असा. दोन्ही शब्द भविष्याच्या कामाला नंतर जुंपले गेले. म्हणजे ‘वर्तमानकाळ भविष्यासाठीही चालतो’ असे आपण सवलत दिल्यासारखे सांगतो, तेव्हा इतिहास उलटा सांगत असतो. आधीपासून तेच काम करणारा वर्तमानकाळ होता आणि त्याच्या हातातील बरेचसे काम ‘विल’ने पुढे काढून घेतले.

उंबरठा यांनी ‘पाऊस पडला तर’ या भूतकाळी रूपाचा उल्लेख केला, त्यावर राहवत नाही म्हणून लिहितो. पाणिनीने या सर्वांची दखल घेतलेली आहे. ‘वर्तमानसामीप्ये वर्तमानवद्वा’ (३.३.१३१) या सूत्रानुसार वर्तमानाच्या अगदी जवळचे भूत किंवा भविष्य वर्तमानाच्या रूपाने विकल्पाने सांगता येते. पाणिनीच्या सूत्रांवरील ‘काशिकावृत्ती’ या जुन्या टीकाग्रंथात त्याचे उदाहरण आहे: “कदा देवदत्त गमिष्यसि?” असे विचारल्यावर उत्तर येते, “एष गच्छामि.” ‘देवदत्ता, कधी जाणार?’ ‘हा निघालोच.’ इंग्रज माणूस इथे ‘आय ॲम गोइंग’ म्हणेल, संस्कृत वर्तमान वापरते आणि मराठी चक्क भूतकाळ. लगेच पुढचे सूत्र ‘आशंसायां भूतवच्च’ (३.३.१३२) सांगते की अजून न घडलेल्या पण अपेक्षित गोष्टीसाठी भूतकाळाची रूपेही चालतात. त्याचे उदाहरण ‘उपाध्याय आले तर आपण व्याकरण शिकू’ अशा अर्थाचे आहे. ‘गुरुजी आले तर’ या आपल्या बोलण्याला असे पाणिनीचे पाठबळ आहे. आणि ‘यावत्पुरानिपातयोर्लट्’ (३.३.४) हे सूत्र ‘यावत्’ व ‘पुरा’ या निपातांसोबत भविष्याच्या अर्थी वर्तमानकाळ सांगते, ते वाचताना तर इंग्रजीच्या ‘टिल’ आणि ‘बिफोर’ची आठवण झाल्यावाचून राहत नाही. या भाषांचे दूरचे नाते आहे, पण त्यावरून एकीने दुसरीकडून हे घेतले असे मी म्हणत नाही. जी गोष्ट मनाने गृहीत धरली तिच्यावर भविष्याचा शिक्का पुन्हा मारावा लागत नाही, ही सोय एकमेकींपासून दूर असलेल्या भाषांनाही सुचू शकते.

सहलसोबती

मी गेली अनेक वर्षे सहलींच्या व्यवसायात आहे आणि युरोपच्या सहलींची इंग्रजी कार्यक्रमपत्रिका लिहिणे हे माझे काम आहे, म्हणून रेघोटी यांच्या मांडणीला थोडी पुरवणी जोडतो. त्यांचे प्रतिसाद वाचून असा समज होऊ शकतो की ‘आय’ आणि ‘वुइ’ यांच्यासोबत साधा वर्तमानकाळ भविष्यासाठी येतच नाही. तो येतो. ‘ऑन डे थ्री वुइ ड्राइव्ह टू ल्युसर्न अँड टेक द बोट’ हे वाक्य आमच्या प्रत्येक पत्रिकेत असते. कार्यक्रम एकदा छापला की त्यातील माणसेही गाडीसारखी वेळापत्रकाचा भाग होतात. विमानाबद्दल बोलतानाही ‘आय लँड ॲट नाइन’ म्हणता येते, कारण नऊ वाजता उतरणे माझ्या हातात नाही. ‘आय कॉल यू टुमॉरो’ चुकते ते ‘आय’मुळे नव्हे. तुम्हाला फोन करणे कोणत्याही वेळापत्रकात नाही, म्हणून ते चुकते.

दुसरी गोष्ट नकाराची. आमच्या कार्यालयातील नवी मुले परदेशी सहकाऱ्यांना ‘आय विल नॉट कम टू ऑफिस टुमॉरो’ असा निरोप पाठवतात. व्याकरण निर्दोष आहे, पण वाचणाऱ्याला त्यात ‘मी येणार नाही, काय करायचे ते करा’ असा हट्ट ऐकू येऊ शकतो, कारण ‘विल नॉट’ला नकाराचा वास आहे. ‘आय ॲम नॉट कमिंग इन टुमॉरो’ किंवा ‘आय ॲम ऑन लीव्ह टुमॉरो’ म्हटले की निव्वळ माहिती उरते. मराठीत ‘मी उद्या येणार नाही’ हे वाक्य रजेचेही असते आणि रुसव्याचेही. स्वर काय आहे त्यावरून आपल्याला कळते, आणि लेखी निरोपात स्वर नसतो.

स्कूटरबद्दल माझे उत्तर सोपे आहे. मनात ठरले असेल तर ‘गोइंग टू बाय’. दुकानात नोंदणी झाली असेल, शनिवारी ताबा मिळणार असेल, तर ‘आय ॲम बायिंग अ स्कूटर ऑन सॅटर्डे’. ‘गोइंग टू’चे दुसरे काम चिन्हे पाहून बोलण्याचे आहे. ढग काळवंडले की ‘इट इज गोइंग टू रेन’, आणि ‘आता पडणार’ असे आपणही वर पाहूनच म्हणतो. ‘विल’ वापरून केलेला अंदाज ढग न पाहताही करता येतो.

फळाखडू

चर्चा रंगली आहे, पण एक व्यवहाराची गोष्ट कोणी बोलले नाही. शालेय परीक्षांमध्ये ‘काळ ओळखा’ आणि ‘काळ बदला’ असे प्रश्न येतात आणि तिथे ‘सिंपल फ्यूचर’ हे उत्तर अपेक्षित असते. हडलस्टन आणि पुलम काय म्हणतात ते उत्तरपत्रिका तपासणारा विचारणार नाही. सांजवर्ग यांच्या वर्गातील पालक घरी जाऊन मुलांचा अभ्यासही घेत असणार. ‘इंग्रजीत भविष्यकाळ नाही’ असे त्यांना सांगितले तर मुलाच्या वहीवरून घरात वाद होईल. ज्याने विचारले त्या गृहस्थांना वर्ग सुटल्यावर अवश्य सांगावे, सर्वांसमोर सांगण्याची गरज नाही.

रेघोटी

सहलसोबती यांची दुरुस्ती मान्य आहे, आणि त्यांचे ल्युसर्नचे वाक्य मी माझ्या वर्गासाठी घेत आहे. फळाखडू यांच्याशीही सहमत आहे, फक्त ‘सिंपल फ्यूचर’ हे एका रचनेचे नाव आहे, संपूर्ण भविष्याचे नव्हे, एवढे पालकांना सांगायला हरकत नसावी.

क्रमाबद्दल एक सूचना करतो. बहुतेक पुस्तके ‘विल’पासून सुरू करतात आणि चालू वर्तमानकाळाचा भविष्यासाठी होणारा उपयोग शेवटच्या धड्यात ढकलतात. संभाषण शिकणाऱ्या मोठ्या माणसांसाठी मी हा क्रम उलटा करतो. आधी ‘व्हॉट आर यू डूइंग ऑन संडे?’ आणि त्याची उत्तरे, कारण ओळखीच्या माणसांत याच वाक्याने बोलणे सुरू होते. ‘व्हॉट विल यू डू ऑन संडे?’ असे विचारले तर काही संकट आले आहे आणि तुम्ही त्यातून कसा मार्ग काढणार, असे विचारल्यासारखे वाटू शकते. त्यानंतर ‘आयल’, तेही फक्त शब्द देण्यासाठी आणि मदत देऊ करण्यासाठी, उच्चारासकट. मग ‘व्हेन’ आणि ‘इफ’, उंबरठा यांच्या कसोटीने. साधा वर्तमानकाळ सर्वांत शेवटी, कारण तो मराठीत आधीपासून आहेच आणि वेळापत्रकापुरता ठेवला की बिघडत नाही.

याच क्रमात एक सावधगिरी. जाणणे, आवडणे, असणे, हवे असणे अशा स्थितिवाचक क्रियापदांना चालू काळ बसत नाही, त्यामुळे ‘आय ॲम नोइंग माय रिझल्ट टुमॉरो’ असे वाक्य तयार होऊ देऊ नये. तिथे ‘आय विल नो’ किंवा सरळ ‘द रिझल्ट इज आउट टुमॉरो’. ‘माझी मुलाखत उद्या आहे’ याला ‘माय इंटरव्ह्यू इज टुमॉरो’ एवढे पुरते, आणि ‘विल बी’ घालण्याचा मोह विद्यार्थ्यांना आवरायला लावावा.

सांजवर्ग

‘कधी’ची कसोटी आजच्या वर्गात वापरली. फळ्यावर मराठी वाक्ये लिहून विद्यार्थ्यांना ‘कधी’खाली रेघ ओढायला लावली, आणि ज्यांत रेघ नाही तिथे ‘विल’ खोडायला सांगितले. बहुतेकांना जमले. ‘तो कधीही आला तरी चालेल’ या वाक्यापाशी मात्र वर्ग अडला, कारण तिथे ‘कधी’ आहे आणि इंग्रजीत ‘व्हेनेव्हर ही कम्स’ असा वर्तमानकाळच येतो. उंबरठा, यासाठी कसोटीत काय बदल करावा?

उंबरठा

प्रश्न विचारणारा ‘कधी’ आणि ‘कधीही’ हे वेगळे धरावेत. ‘ही’ लागला की तो प्रश्न राहत नाही, ‘कोणत्याही वेळी’ असा अर्थ होतो आणि वाक्य पुन्हा क्रियाविशेषणाचे होते. ‘कोणीही’, ‘कुठेही’, ‘काहीही’ यांनाही तेच लागू आहे: ‘हूएव्हर कम्स’, ‘व्हेरेव्हर यू गो’, ‘व्हॉटेव्हर ही सेज’. विद्यार्थ्यांना रेघ ओढण्याआधी मागे ‘ही’ चिकटला आहे का ते पाहायला सांगावे, आणि असल्यास रेघ ओढूच नये.